धरणावरचा शक

आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, कुणावरच विश्वास नव्हता. जिंतूरच्या बाजारात माप घेताना ते आधी तराजूच्या पारड्याखालून हात फिरवून बघायचे. काही चिकटवलंय का ते. मी औरंगाबादला बी.ए.ला होतो आणि नामांतराच्या गडबडीत आमची परीक्षा पुढं गेली. घरी येऊन तसं सांगितलं, तर आबा शेजाऱ्याला म्हणाले, "नापास झालं असंल. परीक्षा पुढं जायला ती काय लगीन हाय?" दोन दिवसांनी पेपरात छापून आलं, तर म्हणे पेपरवालेबी याच्या वळखीचे असतील. आता बोला! असल्या माणसाच्या पोटी जन्म घेतल्यावर मी तरी भोळा कसा निघणार? मीही माणसं पारखून घेतो, उगाच कुणाचं ऐकत नाही. फरक एवढाच, की आबांना माणसांवर शक यायचा, आणि मला आबांच्या शकावर.

त्यांचा सगळ्यात जुना आणि पक्का शक होता धरणावर. आमच्या गावापासून तीनेक कोसांवर पूर्णा अडवलेली. मी लहान असताना पहिल्यांदा पाणी तुंबलं, तेव्हा सगळं गाव बैलगाड्या जुंपून बघायला गेलं होतं. बायका पाण्याला हळदीकुंकू वाहून आल्या. आबा मात्र घरी आले ते तोंड पाडून. "येवढं पाणी एका जागी कोंडलं," ते म्हणाले, "खालची जमीन गप बसंल का?"

त्याच सुमाराला कोयनेकडं भूकंप झाला आणि तिकडंही धरणच होतं असं कुणीतरी पारावर बोललं. झालं! आबांना सबूत मिळाला. तेव्हापासून आभाळात गडगडलं तरी ते आधी जमिनीला हात लावून बघायचे.

पुढं मी शेजारच्या गावच्या हायस्कुलात भूगोलाचा मास्तर झालो, आणि आमच्या घरात रोज संध्याकाळी वाद पेटायला लागला. आबा मला घरातसुद्धा "गुरुजी" म्हणायचे. मान म्हणून नव्हे, टोचायला.

"काय गुरुजी, गाडीत माल भरला की चाक रुततंय का न्हाई?"

"पृथ्वी म्हणजे बैलगाडी नव्हे, आबा."

"मंग ज्वारीच्या कणगीखालची फरशी कामून दबली? येवढीशी कणगी. तिच्यानं फरशी दबती, आन् धरणानं जमीन दबत न्हाई?"

मी वहीत पृथ्वीचं चित्र काढायचो, कवच दाखवायचो, त्याची जाडी सांगायचो. या एवढ्या गोळ्यावर आपलं धरण म्हणजे कपाळावरची टिकली, असं म्हणायचो. ते वही लांब धरून बघायचे आणि विचारायचे, "हे तू आत जाऊन बगितलंस का?" मी चिडायचो. एकदा तर वही फेकून दिली. मोठ्या तलावाखाली जमीन खरोखरच किंचित दबते, हे मी पुढं फार उशिरा वाचलं. पण तेव्हा मी पंचविशीतला पदवीधर मास्तर, आणि समोर चौथी नापास म्हातारा. माझंच खरं असणार, यात मला तिळमात्र शंका नव्हती.

आबांची थोडी शेती होती, पण पंचक्रोशीत नाव होतं ते माळवदासाठी. आमच्याकडं जुनी घरं सगळी माळवदाची. दगडाच्या रुंद भिंती, त्यावर सागाच्या तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पाला आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा, पावसात गळायचं नाव नाही. पण त्याला एक पथ्य. दरसाल मृगाच्या आधी वर नवी माती पडली पाहिजे. टोपल्यांनी माती वर चढवायची, पसरायची, पाणी मारायचं, धुमसानं ठोकून बसवायची. जुना थर खरवडून काढावा असं कुणी कुणी म्हणायचं, पण आबांना ते बिलकुल पटायचं नाही. "बसलेली माती उठवली का माळवद गळलंच समज. वरून टाकत जावं." त्यांनी टाकलेलं माळवद कधी गळलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. ताडकळसपासून लोक बोलवायला यायचे.

आई लवकर गेली. मागं मी आणि माझी धाकटी बहीण. तिला आबांनी तळहातावर वाढवलं म्हटलं तरी चालेल. सगळ्या दुनियेत आबांचा शक जिच्यावर कधी आला नाही, ती एवढी एकच. ती लग्नाची झाली तेव्हा खाली दक्षिणेला, तेरणेच्या बाजूचं स्थळ आलं. मुलगा गुणी, घर खाऊनपिऊन सुखी, घरचं पाच खणांचं माळवद. मी बघून आलो, पसंती सांगितली. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिकडं धरण हाय का?"

होतं. बांधायचं चाललं होतं.

"मंग न्हाई."

आठ दिवस घरात धुसफूस. शेवटी मी कपाळाला हात लावून म्हणालो, "आबा, पाण्यानं जमीन हालत नसते. मी रोज पोरांना हेच शिकवतो. उद्या काही झालं तर जिम्मेदारी माझी, मग तर झालं?" बहीण दाराआडून ऐकत होती. तिला मुलगा आवडला होता, हे मला ठाऊक होतं. आबांनी मान हलवली ती माझ्यासाठी नाही, तिच्या तोंडाकडं बघून.

लग्न झालं, आणि आबांनी नवीनच खूळ काढलं. लेकीच्या घरचं माळवद दरसाल आपण टाकायचं. व्याह्यांना आधी संकोच वाटला, मग बरंच वाटलं, असा हाताचा कसबी माणूस फुकट कुठं मिळतो? पण आबांचा तिकडच्या मातीवर भरवसा नव्हता. "तांबूस पडती ती. पाणी धरती." म्हणून ते आमच्या गावच्या पांढरीची दोन पोती माती घेऊन जायचे. एस्टीनं! जिंतूर, परभणी आणि पुढं दोन गाड्या बदलून. दर वैशाखात कंडक्टरशी भांडण ठरलेलं.

"काका, पोत्यात काय हाय?"

"माती."

"माती? तिकडं माती मिळत न्हाई काय?"

"मिळती. पर तिचं इमान कुनी बगितलंय?"

गाडीभर हशा. आबा मात्र पोत्यावर बसून राहायचे, कुणी बदलून घेईल म्हणून. तिकडं गेल्यावर खालचे थर तिथल्याच मातीचे पडायचे, पण शेवटचा हात आमच्या पांढऱ्या मातीचा. दरसाल एक थर, जुना न काढता. आठ-नऊ वर्षं.

आणि मग ती दिवाळी आली. बहीण भाऊबीजेला आली ती पोरीला घेऊन, आणि जेवताना सहज म्हणाली, "दादा, आमच्याकडं जमीन गुरगुरती रे. मांडणीवरची भांडी वाजत्यात. परवा तर समदी मानसं बाहीर पळाली."

आबांच्या हातातला घास हातातच राहिला. "धरण," ते म्हणाले. "भरायला लागलं असंल. तू जाऊ नगंस आता."

तिनं माझ्याकडं बघितलं. "दादा, तू सांग. तू शिकलेला. जाऊ का नको?"

मला आजही ते तोंड दिसतं. घाबरलेलं नव्हतं. मी सांगीन ते करीन, असं होतं. आणि मला काय झालं होतं कोण जाणे, मला तेव्हा तिच्याशी बोलायचंच नव्हतं, आबांना हरवायचं होतं. मी हसून म्हणालो, "जमिनीचं पोट गुरगुरतं कधीकधी. आपलं नाही का गुरगुरत? जा बिनघोर. घरदार सोडून इथं किती दिवस बसणार?"

आबांनी ताट सारलं. लेकीला म्हणाले, "तुला जायचं तर जा. पोरीला तरी ठिवून जा." तेवढं तिनं ऐकलं. सहा वर्षांची भाची आमच्याकडं राहिली, माझ्या बायकोनं तिला गावच्या शाळेत घातलं. मी मात्र आठ दिवस आबांना चिडवत होतो, की तुमच्या धरणानं पोरीची शाळा बदलली.

त्या वैशाखात आबांच्या गुडघ्यानं दगा दिला, म्हणून माती घेऊन मीही बरोबर गेलो. आबा वर माळवदावर, मी शिडीवर, खालून टोपल्या भरून येणार आणि मी वर देणार. किती टोपल्या दिल्या याचा हिशेब नाही. हात भरून आले. बहीण चहा घेऊन अंगणात आली, वर बघून म्हणाली, "आता बास करा की! माळवद वाकंल." आम्ही दोघंही हसलो. आबा वरून ओरडले, "तुज्या बापानं टाकलेलं माळवद वाकत नसतं." आणि मी आणखी एक टोपली वर दिली.

आख्ख्या पृथ्वीच्या कवचाचा हिशेब मी फळ्यावर मांडत होतो. डोक्यावरच्या मातीचा शक माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. आबांच्याही नाही. कोसांवरच्या पाण्याला घाबरणारा माणूस, आपल्या हातानं लेकीच्या डोक्यावर ओझं चढवत होता, आणि मी त्याला टोपल्या देत होतो.

गणपती बुडाले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्याकडं भांडी वाजली. आबा अंगणात जमिनीला दोन्ही हात लावून बसले होते. सकाळी रेडिओवर गावांची नावं सांगायला लागले, तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. चपला घातल्या आणि फाट्याकडं चालायला लागले. मी मागं पळालो.

आम्हाला बहिणीच्या गावात सोडलं ते तिसऱ्या दिवशी. तोवर सगळं आटोपलं होतं. सामुदायिक अग्नी दिलेला. तिचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान, गणपती बुडवून आले ते मंडळाच्या मांडवातच आडवे झाले, म्हणून वाचले. ते ढिगाकडं पाठ करून बसले होते. पाच खणांच्या घराचा दगडामातीचा ढीग झाला होता. आबा त्या ढिगावर गेले, बसले आणि हातानं माती उकरायला लागले. मला वाटलं, काही सामान शोधतायत. त्यांनी एक ढेकूळ उचललं, फोडलं, अंगठ्यानं चोळलं.

"ही आपली हाय," ते म्हणाले. "पांढरी."

बस. एवढंच.

गावाबाहेरच्या बौद्धवस्तीत पत्र्याची घरं बऱ्यापैकी उभी होती. तिथल्या एका म्हाताऱ्यानं आम्हाला चहा दिला आणि म्हणाला, "आमच्या घरावर तुळया आन् माती कुठली आली, पाव्हणं? पत्रा पडला, खांदा सोलला, भाईर आलो." त्यात टोमणा नव्हता. तो आपला जसं झालं तसं सांगत होता. आबा कपातला चहा तसाच खाली ठेवून उठले.

ढिगाजवळ एक तरुण इंजिनिअर टेप लावून काहीतरी मोजत होता. कुठून आला होता, मी विचारलं नाही. त्यानंच मला बाजूला घेतलं. "सर, एवढी माती वर? दरवर्षी टाकत होते का?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "जुनी काढून टाकली असती तर या भिंतींवर इतका भार नसता. काही माणसं बाहेर आली असती, कदाचित." मी विचारलं, "आणि धरण?" त्यानं मान हलवली. "त्यावर आमच्यातच एकमत नाही. ते ठरायला वर्षं जातील. पण ही माती तर समोर दिसतेय." मी मागं वळून बघितलं. आबा लांबून आम्हा दोघांकडं टक लावून बघत होते.

घरी आल्यावर आबांनी जेवण सोडलं. चहा तेवढा घ्यायचे. घरात पाऊल टाकायचे नाहीत, अंगणातल्या कडुलिंबाखाली बसून आपल्याच घराच्या माळवदाकडं बघत राहायचे. कुणी माळवदाच्या कामाचं विचारायला आलं तर हातानंच जा म्हणायचे. माझी बायको भाकरी घेऊन जायची, ती तशीच परत यायची. पंधरवड्यात त्यांचा सदरा अंगावर लोंबायला लागला. डॉक्टर म्हणाले, रोग काही नाही, पण हे असं चाललं तर दिवाळी बघत नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बहीण गेली, आता बापही डोळ्यांदेखत जाणार, आणि मी काय करणार? कवच शिकवणार?

एका दुपारी त्यांनी मला बोलावलं. "गुरुजी" म्हणाले नाहीत.

"पोरा, त्यो विंजेनेर तुला काय म्हनला?"

मला वाटलंच होतं. "कोणता?"

"नाटक करू नगंस. टेप लावून मोजायलता त्यो. माती मोजायलता. मातीचं काय म्हनला?"

भाची तिथंच पाटीवर बेरजा करत होती. आबांचे डोळे माझ्या तोंडावर खिळलेले. त्यांना सगळं कळलंय, हे मला कळत होतं. त्यांना फक्त कुणाच्या तरी तोंडून ते ऐकायचं होतं. मी खरं बोललो असतो तर ते उठून शांतपणे बाजेवर आडवे झाले असते आणि पुन्हा उठले नसते. याची मला तेव्हाही खात्री होती, आजही आहे.

"धरण म्हणाला, आबा."

"मातीचं इचारतो मी."

"मातीचं काय? माती सगळ्या गावाच्याच घरावर होती. खालून जमीनच उचलल्यावर वर माती असली काय आणि नसली काय. पाण्याच्या वजनानं झालं, असं तो म्हणाला. तुमचा शक खरा होता."

मी नजर खाली घेतली नाही. घेतली असती तर पकडला गेलो असतो.

"म्हंजी मी म्हनत होतो."

"हो."

"सोयरिकीच्या वक्ताला म्हनलो. दिवाळीलाबी म्हनलो."

"हो आबा."

"आन् तू तिला जा म्हनलास."

मला वाटलं होतं मी तयार आहे. नव्हतो. "हो," मी म्हणालो. "मीच म्हणालो."

तेव्हा आबा रडले. पहिल्यांदाच. तोंडावर पटका घेऊन, मोठ्यानं, लहान लेकरासारखे. मी हात धरायला गेलो तर त्यांनी तो झटकला. मग डोळे पुसून भाचीला म्हणाले, "मामीला म्हनावं, भाकर टाक." दोन भाकरी खाल्ल्या. रात्री घरात येऊन आपल्या जागेवर निजले.

त्यानंतर आबा आठ वर्षं चांगले जगले. पुन्हा लोकांची माळवदं बघायला जाऊ लागले. मी हेडमास्तरांना, सरपंचांना धरून गावात जुनी माती काढून टाकायची गोष्ट सुरू केली, आमच्या घरची तर मी आबा बाहेरगावी असताना मजूर लावून निम्मी उतरवली. त्यांना कळलं, पण ते काही बोलले नाहीत. माझ्याशी ते बोलतच नव्हते. काही हवं असलं की भाचीला सांगायचे, मी समोर बसलेला असलो तरी. पारावर, बाजारात, लग्नाकार्यात जो भेटेल त्याला सांगायचे, "मी नगं म्हनत होतो. या मास्तरानं धाडलं माज्या लेकीला." लोक माझ्याकडं बघायचे. मी मान खाली घालायचो. बायकोला तेवढं मी खरं सांगितलं होतं, ती चिडायची, म्हणायची, सांगून का टाकत नाही एकदा? काय सांगणार? आणि खरं सांगू, मी सगळं त्यांच्यासाठीच केलं असंही नाही. शिडीवर मीच उभा होतो. धरणाचं नाव पुढं केलं की मलाही त्या टोपल्या विसरता यायच्या, थोडा वेळ.

दाजींनी भाचीला आमच्याकडंच ठेवलं होतं, ती हेच ऐकत मोठी झाली. आबा गेले त्या वर्षी ती चौदा-पंधरा वर्षांची होती. तेराव्याची माणसं पांगल्यावर ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली. हुबेहूब आईचं तोंड.

"मामा," ती म्हणाली, "आईनं तुला विचारलं होतं ना, जाऊ का म्हणून? तू खरंच जा म्हणालास?"

मी हो म्हणालो. ते तर खरंच होतं.